पहिला प्लॉट घेण्यापूर्वी



फेब्रुवारी-मार्चात द्राक्षबागा खाली होतात, व्यापाऱ्याचा हिशेब हाती येतो, आणि ज्यांचे साल बरे गेले त्यांच्या घरात चार पैसे दिसू लागतात. नेमक्या त्याच दिवसांत बांधावर एक वेगळीच मंडळी फिरू लागते. हातात गुंडाळलेला रंगीत नकाशा असतो आणि तोंडात एकच वाक्य असते. "आप्पा, पैसा बँकेत ठेवून काय मिळतंय? दहाव्या मैलाजवळ चारच प्लॉट राहिलेत. आज विसार द्या, उद्या भाव वाढलेला असेल." आप्पांचे मन चलबिचल होते. घरात पोरगा म्हणतो घेऊन टाकू, सूनबाई म्हणते आधी बघू तर, आणि आप्पा रात्रभर कूस बदलतात.

मी शेतीखात्यातला माणूस. राहुरीला बी.एस्सी. ॲग्री झालो आणि गेली तीसेक वर्षे करपा, डाऊनी, माती परीक्षण आणि ठिबक हेच सांगत गावोगाव हिंडलो. पण अलीकडे शिवारफेरी संपली की फवारणीच्या प्रश्नांनंतर कुणी तरी मला हळूच बाजूला घेते आणि विचारते, "साहेब, ओझरला प्लॉट घेऊ का?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला, की एकदा सगळे मिळून लिहून टाकावे असे वाटले. जमिनीच्या व्यवहारातला मी पंडित नाही. मात्र त्यात तोंडघशी पडलेला आहे, आणि ती हकीगत आधी सांगतो.

लोका सांगे ब्रह्मज्ञान

२००४ सालची गोष्ट. माझी नेमणूक दुसऱ्या तालुक्यात होती, मुले लहान होती, आणि घरच्यांचे म्हणणे असे की बदलीच्या नोकरीत कुठे तरी आपले म्हणून एक छप्पर हवे. तिचे माहेर ओझरच्या बाजूचे. एका ओळखीच्या गृहस्थांनी गावाबाहेर मळ्यातल्या वाटेवर दोन गुंठ्यांचा तुकडा दाखवला. कोपऱ्यात बोरीचे झाड होते. संध्याकाळची वेळ, वारा छान सुटलेला, दूर कारखान्याचे दिवे लागलेले. आम्हा दोघांनाही जागा आवडली. किंमत नव्वद हजार ठरली. पन्नास हजार माझ्या शिलकीतले होते, उरलेल्यासाठी तिने पाटल्या मोडल्या.

शंभराच्या मुद्रांकावर कागद झाला, नोटरीचा शिक्का बसला, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या आणि पेढे वाटले. मी समजलो खरेदी झाली. कागदाच्या डोक्यावर स्वच्छ अक्षरात 'विसारपावती' असे लिहिले होते, ते मी वाचलेही होते. अनुदानाच्या प्रत्येक अर्जाला शेतकऱ्याकडून सातबारा मागणारा मी, इथे सातबाऱ्यावर फक्त क्षेत्र पाहिले. खाली नावे सहा होती. सही एकाची होती.

सात वर्षांनी कुंपण घालावे म्हणून सिमेंटचे खांब घेऊन गेलो, तर तिथे कांदा उभा. विकणाऱ्याच्या बहिणीचा मुलगा पाणी भरत होता. त्याने मला बसवले, तांब्याभर पाणी दिले, कागद शांतपणे वाचला आणि म्हणाला, "काका, तुमचा कागद खोटा नाही. पण याच्यावर आमच्या आईची सही कुठंय?" मला उत्तर देता आले नाही. आजही देता येणार नाही.

वकिलांनी समजावले ते असे, की शंभर रुपयांवरच्या कुठल्याही स्थावर मिळकतीची मालकी नोंदणीकृत खरेदीखताशिवाय बदलत नाही. विसारपावती हा पुढे खरेदी करण्याचा करार असतो, ती खरेदी नव्हे. त्या कराराच्या जोरावर कोर्टात जायचे तर त्यालाही मुदत असते. शेवटी चार शहाण्या माणसांनी मध्यस्थी केली आणि २०१४ पर्यंत तीन हप्त्यांत मुद्दल परत आले, व्याज नाही. मधल्या काळात काय झाले ते सोन्याने मोजा. २००४ साली सोने तोळ्याला सहा हजारांच्या आसपास होते, २०१४ साली अठ्ठावीस हजारांच्या आसपास. घरी या विषयावर कधी भांडण झाले नाही. पण सराफाच्या दुकानावरून जाताना ती अजून पावले जरा भराभर उचलते.

ओझरला भाव आला कशाने

जागेत पैसा घालायचा तर आधी त्या गावाचे पाहावे. ओझर हे बाणगंगेकाठचे, मुंबई-आग्रा रस्त्यावरचे, निफाड तालुक्यातले शेतकऱ्यांचे गाव. चंपाषष्ठीला खंडेरायाची यात्रा भरते, तेव्हा जुने ओझर अजून दिसते. त्याचे रूप पालटले ते मिगच्या कारखान्याने. चिनी आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, १९६३ साली नाशिकमधून बिनविरोध खासदार झाले, आणि १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना इथे उभा राहू लागला. मिग-२१ पासून सुखोईपर्यंत विमाने इथे झाली, आणि २०२५ च्या १७ ऑक्टोबरला इथेच तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केले. कारखाना आला तशी वसाहत आली, शाळा आल्या, दुकाने आली. निवृत्त होणारे कामगार आसपास जागा शोधू लागले. आता तर ओझरला नगरपरिषद आहे.

दुसरे कारण पाणी. हे मात्र प्लॉट विकणारे सांगत नाहीत. ओझरचे क्षेत्र वाघाड धरणाच्या उजव्या कालव्याच्या शेपटाला. शेपटाला पाणी पोचत नसे. १९९०-९१ च्या सुमारास बापूसाहेब उपाध्ये, भरत कावळे आणि समाज परिवर्तन केंद्राच्या मंडळींनी महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा अशा तीन पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचे, पट्टी वेळेवर भरायची, बंधारे भरून विहिरी जिवंत ठेवायच्या. ज्या रानात बाजरी होत होती त्या रानात द्राक्षे आली. पुढे २००५ साली राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदाच केला, पण ओझरकर त्याआधी पंधरा वर्षे ते करून बसले होते.

हे सांगण्याचे कारण असे, की जमिनीचा भाव तिच्या भोवती जे प्रत्यक्ष आले त्याने वाढतो. येणार आहे असे नुसते ऐकून वाढलेला भाव कधी टिकतो, कधी नाही. 'बाजारात तुरी' अशी ती गत. नाशिक-पुणे वेगवान रेल्वेचे उदाहरण ताजे आहे. सिन्नर तालुक्यात मोजण्या झाल्या, काही जमिनी खरेदीही झाल्या, आणि मग नारायणगावजवळच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीला बाधा येते म्हणून मार्गच बदलायची वेळ आली. ज्यांनी जुन्या रेषेकडे बघून चढ्या भावाने जमिनी घेतल्या असतील, त्यांच्या घरी आज काय बोलणे होत असेल याची कल्पना करा.

सातबारा वाचायचा कसा

दलालाने दिलेली झेरॉक्स बाजूला ठेवा. डिजिटल सहीचा ताजा सातबारा आपण स्वतः काढा, सोबत आठ-अ काढा. सातबाऱ्यावर सर्वांत आधी भूधारणा पाहावी. 'वर्ग एक' असेल तर मालक मोकळेपणाने विकू शकतो. 'वर्ग दोन' असेल तर ती जमीन सरकारने अटीवर दिलेली, इनाम-वतनाची किंवा तशाच नियंत्रणाखालची असते, आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झालेला व्यवहार सरकार रद्द करू शकते. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीलाही अटी असतात.

मग नावे मोजा. जितकी नावे तितक्या सह्या, हा माझा नव्वद हजारांचा धडा. वडिलोपार्जित जमीन असेल तर सातबाऱ्यावर नसलेल्या बहिणींचीही चौकशी करा. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले की २००५ ला वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. "बहिणींनी तोंडी सोडलंय" असे कुणी म्हणाले तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा. तोंडी सोडलेले तोंडानेच परत मागता येते.

यानंतर 'इतर हक्क' हा रकाना. अर्धे लोक तो वाचतच नाहीत, आणि खरी गोम तिथेच असते. सोसायटीचा बोजा, बँकेचे गहाण, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीची वाट, कोर्टाचा मनाई हुकूम, पुनर्वसनासाठी हस्तांतरणास बंदी असे शेरे तिथे सापडतात. धरणाच्या लाभक्षेत्रात हा शेवटचा शेरा विशेष पाहावा. ओझरची शीव ओलांडली की दिंडोरी तालुका लागतो, आणि तिथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आदिवासी बांधवाची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या व शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय घेता येत नाही. १९७४ पासूनचा हा कायदा आहे आणि तो अतिशय योग्य आहे. कुणी "माझ्या नावावर राहू दे, कसा तुम्ही" अशी वाट सांगितली तर उठून चालू लागा.

शेजारी फेरफारांचे नंबर असतात. मागचे फेरफार काढून जमीन कुणाकडून कुणाकडे कशी आली हे गोष्टीसारखे वाचत जावे. गोष्टीत कुठे एखादा भाऊ अचानक नाहीसा झाला तर तो कुठे गेला हे विचारावे. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. पाच-दहा हजार जातील, पण एका फवारणीच्या खर्चात आयुष्याची कटकट टळते.

एक हिशेबाची गोष्ट. तुम्ही-आम्ही गुंठ्यात बोलतो, सातबारा आरमध्ये बोलतो. गुंठा १,०८९ चौरस फूट, आर १,०७६ चौरस फूट. फरक तेरा फुटांचा, पण चौरस फुटावर भाव ठरला असेल तर वीस आरला अडीचशेच्या वर फुटांचा फरक पडतो. आणि कागदावरचे क्षेत्र जमिनीवर आहे की नाही हे भूमी अभिलेख खात्याची मोजणी आणल्याशिवाय कळत नाही. "बांध जुना आहे, मोजणी कशाला?" असे विकणाराच म्हणू लागला तर मोजणी नक्की आणा.

अकरा जणांचे अकरा गुंठे

नवख्या माणसाची फसगत आजकाल सर्वांत जास्त कशात होते म्हणाल, तर शेतजमिनीतल्या गुंठ्यात. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने शेतीचे फार लहान तुकडे पाडून विकायला बंदी केली. २०२३ साली ती मर्यादा बागायतीला दहा गुंठे आणि जिरायतीला वीस गुंठे अशी झाली. मग लोकांनी पळवाट काढली. अकरा जण गोळा करायचे आणि अकरा गुंठ्यांचे एकच सामाईक खरेदीखत करायचे. खत रीतसर नोंदवले जाते, सातबाऱ्यावर अकरा नावे लागतात, आणि प्रत्येक जण समजतो की आपला गुंठा कडुनिंबाजवळचा.

कागदावर मात्र कडुनिंब कुणाचाच नसतो. सगळ्यांचा सगळ्यात अकरावा हिस्सा. चतुःसीमा नाही, रस्ता नाही, बांधकामाला परवानगी नाही, बँक कर्ज देत नाही, आणि आपला हिस्सा विकायचा तर घेणाराही तसाच डोळे झाकून घेणारा शोधावा लागतो. शिवाय शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो. कुळकायद्याच्या ६३ व्या कलमाची ही अट कारखान्यातल्या कितीतरी सज्जन कामगारांना व्यवहार झाल्यावर कळली.

२०२५ साली सरकारने रहिवासी क्षेत्रातले जुने तुकडे नियमित करण्यासाठी कायद्यात बदल केला. ज्यांचे व्यवहार असे अडकले आहेत त्यांनी तहसील कार्यालयात जाऊन आपला तुकडा त्यात बसतो का हे जरूर विचारावे. पण त्या बदलाच्या भरवशावर आज नवा गुंठा घेणे म्हणजे पुढच्या वर्षी कर्ज माफ होईल म्हणून यंदा कर्ज काढण्यासारखे आहे.

म्हणून प्लॉट घ्यायचाच तर मंजूर अभिन्यासातला घ्यावा. ५०० चौरस मीटरवरच्या प्लॉटच्या योजनेला महारेराकडे नोंदणी लागते. १ मे २०१७ पासून हा कायदा पूर्ण लागू आहे. नोंदणी क्रमांक विचारा, तो महारेराच्या संकेतस्थळावर पोराकडून तपासून घ्या. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम कोणी मागू शकत नाही. विकास आराखड्यात जागा कोणत्या विभागात आहे याचा झोन दाखला घ्या. बाणगंगेकाठी असेल तर पूररेषेचा नकाशा बघा, निळ्या रेषेच्या आत घर बांधता येत नाही. महामार्गालगत असेल तर इमारत रेषेचे अंतर सुटते आणि प्लॉट अर्धा होतो. ओझरचा म्हणून खास मुद्दा असा, की विमानतळाच्या आसपास इमारतीच्या उंचीला मर्यादा असते आणि त्याचा ना-हरकत दाखला लागतो. तीन मजल्यांचे स्वप्न पाहून जागा घ्यावी आणि एकावर थांबावे लागावे, असे नको.

खोली घेऊन भाड्याने देऊ का?

हा प्रश्न बहुधा भगिनी विचारतात, आणि चांगला विचारतात. हिशेब करून पाहू. समजा वीस लाखांचा फ्लॅट घेतला आणि महिना सहा हजार भाडे आले. वर्षाचे झाले बहात्तर हजार. एखादा महिना रिकामा जातो, घरपट्टी असते, सोसायटीची वर्गणी, नळ गळतो, रंग द्यावा लागतो. हातात पन्नास-बावन्न हजार राहिले तर खूप. वीस लाखांवर हे अडीच टक्क्यांच्या जरा वर पडले. बँकेतली मुदतठेव यापेक्षा जास्त देते. त्यातून पंधरा लाख कर्ज काढले असेल आणि व्याज नऊ टक्के धरले, तर पहिल्या वर्षाचे व्याजच सव्वा लाखाच्या वर. म्हणजे भाडे येऊनही वर्षाला ऐंशी हजारांच्या आसपास खिशातून घालायचे आणि भाव वाढेल म्हणून वाट बघायची. भाव वाढेलही. पण तुमच्या शेतीत ऐंशी हजारांची ही गळती दहा वर्षे सोसण्याची ताकद आहे का, हे आधी बघा. मुलाच्या शिक्षणासाठी नाशिकला राहायला घर हवे असेल तर हिशेब वेगळा, कारण तिथे वाचलेले भाडे तुमचेच आहे. असे घर बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, २०२१ पासून. किमतीशिवाय मुद्रांक, नोंदणी, वकील, मोजणी यांसाठी दहा टक्के रक्कम वेगळी ठेवावी म्हणजे ऐनवेळी उसनवारी होत नाही.

आता पैसा कुठला घालावा याबद्दल माझे स्पष्ट मत सांगतो, कुणाला राग आला तरी चालेल. पीककर्जाचा पैसा प्लॉटमध्ये घालू नये. वेळेत फेडले तर त्या कर्जाला व्याजसवलत आहे, थकले की सवलत जाते आणि पुढच्या हंगामाला सोसायटीचे दार बंद होते. बाग आणि प्लॉट यांत एक मोठा फरक आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला आणि घड जिरले, तर औषधाला पैसा चोवीस तासांत लागतो. प्लॉट चोवीस तासांत विकला जात नाही. गारपिटीच्या सालात मी पाहिले आहे, चांगल्या सालात चढ्या भावाने घेतलेले प्लॉट वाईट सालात पडत्या भावाने सुटतात, कारण सगळ्यांनाच एकाच महिन्यात विकायचे असते. तेव्हा एका पूर्ण हंगामाचा बागेचा आणि घराचा खर्च बाजूला असल्याशिवाय दलालाला चहासुद्धा पाजू नये.

आणि ज्यांची विहीर उन्हाळ्यात तळ गाठते, कांदा चाळीअभावी मिळेल त्या भावाला जातो, त्यांची पहिली स्थावर गुंतवणूक स्वतःच्या बांधाच्या आतच आहे. तिला सातबारा तपासावा लागत नाही.

विकणाऱ्यांसाठी दोन शब्द. खेड्यातली शेतजमीन विकली तर आयकर लागत नाही असे आपण धरून चालतो. पण नगरपरिषदेच्या हद्दीतली जमीन त्यात येत नाही, आणि दहा हजार ते एक लाख वस्तीच्या गावाच्या हद्दीपासून सरळ रेषेत दोन किलोमीटरच्या आतलीही येत नाही. दहा लाखांवरच्या नाशिकसारख्या शहराला हेच अंतर आठ किलोमीटर. ओझर परिसरातल्या पुष्कळांना हे माहीत नाही. आधीची दोन वर्षे कसलेली जमीन विकून दोन वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घेतली तर सवलत मिळते, म्हणून विसार घेण्याआधी कर-सल्लागाराकडे एक चक्कर मारावी.

एका घरातली बैठक

गेल्या वर्षी एका घरात मला बोलावले होते. वडील वारलेले, दोन भाऊ, एक बहीण येवल्याकडे दिलेली, आणि आई. रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला आला होता. मोठ्या भावाने तीन प्लॉट बघून ठेवले होते, नकाशा कॉटवर पसरला होता. मी सातबारा मागितला. प्लॉटवाल्याच्या सातबाऱ्यावर नावे सात होती आणि इतर हक्कात एका बँकेचे गहाण होते. नकाशा गुंडाळला गेला.

मग धाकटा म्हणाला, भाऊबंदकीतले चुलते वीस गुंठे काढतायत, आपल्या बांधाला लागून, विहिरीत चार आणे हिस्सा, पाटपाण्याचा हक्क आहे. भाव प्लॉटपेक्षा कितीतरी कमी. मोठ्याला ते पटत नव्हते. शेतात शेत घालून काय वाढणार, असे त्याचे म्हणणे. पाण्याचा विषय निघाल्यावर मात्र तो गप्प झाला, कारण त्यांची स्वतःची विहीर मार्चमध्येच दम तोडते.

खरे बोलणे पुढेच अडले. खत कुणाच्या नावाने करायचे? भावांनी हक्कसोडपत्राचा कागद तयारच ठेवला होता, बहिणीने दिवाळीला आल्यावर सही करावी म्हणून. मी काही बोललो नाही, माझा तो अधिकार नव्हता. आई चुलीपाशी बसून सगळे ऐकत होती. ती म्हणाली, "चेकवर तिचं नाव होतं ना? मग जमिनीवर का नको? तिला नाही लिहायची तर मलाही लिहू नका." मोठा भाऊ बराच वेळ मान खाली घालून बसला. मग त्याने बहिणीला फोन लावला.

चार नावांनी खरेदीखत झाले. दुय्यम निबंधक कार्यालयात चौघांचे अंगठे आणि फोटो झाले, सूची क्रमांक दोनची प्रत घरी आली. फेरफाराच्या नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत हरकतीविना गेली. मोजणीची तारीख पडली त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. बहीण पहाटेच्या गाडीने आली होती. मोजणीदाराने खूण दाखवली, धाकट्याने पहार मारली, आणि दगड पुरेपर्यंत ती पदर खोचून त्याच्या शेजारी उभी होती. मग ती विहिरीवर गेली, वाकून पाणी किती आहे ते बघून आली, आणि आईला म्हणाली, "सात हात आहे अजून." तो एप्रिलचा दुसरा आठवडा होता.